हातातला पाना खाली ठेवताना

शहरांतील घराघरांत एसी आले आणि त्यांच्या मागोमाग ते दुरुस्त करणाऱ्यांचाही एक वर्ग उभा राहिला. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करायचा, एखाद्या डीलरकडे चार-पाच वर्षे काढायची आणि मग दुचाकीला हत्यारांची पिशवी अडकवून स्वतःचे काम सुरू करायचे, ही वाट आता चांगली रुळली आहे. हात बसलेला असला की गिऱ्हाईक तोंडोतोंडी वाढते. मार्च ते मे या काळात तर फोन घ्यायलाही सवड नसते. मग एक मदतनीस येतो, पाठोपाठ दुसरा, आणि इथेच अनेकांचे गाडे अडते. काम उत्तम जाणणारा माणूस तेच काम दुसऱ्याकडून करवून घेताना का अडखळतो, याचे कारण बहुधा त्याच्या स्वभावात शोधले जाते. ते आधी हिशेबात शोधायला हवे.

अमेरिकन लेखक मायकेल गर्बर यांचे ‘द ई-मिथ’ हे पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले. एखादे तंत्र उत्तम येते म्हणून त्या तंत्रावर उभा असलेला व्यवसायही आपल्याला चालवता येईल, हे गृहीतकच फसवे आहे, असे त्यांचे प्रतिपादन. निदान अचूक आहे. पण आपल्याकडच्या कारागिराला ते आकडे मांडून सांगितले तर अधिक लवकर पटेल.

समजा, एकटा कारागीर एका सर्व्हिसिंगचे ६०० रुपये घेतो. हंगाम आणि मंदी यांची सरासरी धरून रोज चार कामे, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ६२,४०० रुपये. पेट्रोल आणि किरकोळ खर्च वजा जाता ५६ हजारांच्या आसपास हातात राहतात. आता त्याने २२ हजार पगारावर तंत्रज्ञ ठेवला. दिवाळीचा बोनस आणि भरपगारी रजा यांचे महिन्याकाठी साडेतीन हजार, पेट्रोल, फोन आणि हत्यारांचे साडेपाच हजार धरले, तर या माणसाचा खर्च ३१ हजारांवर जातो. पगारी माणूस मालकाच्या वेगाने काम करील ही अपेक्षा सोडून द्यावी. तो रोज तीन कामे करतो असे धरू. एका कामामागे सुमारे ४०० रुपये त्याच्यावरच खर्च झाले. उरले २००.

दोन तंत्रज्ञ ठेवून मालक केवळ देखरेख करू लागला, तर महिन्याच्या १५६ कामांतून त्याला ३१,२०० रुपये मिळतील. एकटा असताना याहून कितीतरी अधिक मिळत होते! चार तंत्रज्ञ झाले तर ६२,४००. पण तोवर फोन घ्यायला, कामे वाटायला कार्यालयात कोणीतरी लागते. त्याचे १५ हजार गेले की उरतात ४७,४००. मालक पुन्हा पाना हातात घेतो तो इथे. त्याला काम सोडवत नाही असे लोक म्हणतात. वस्तुस्थिती अशी की, मधला खड्डा त्याला आधी कोणी दाखवलेलाच नसतो.

खड्ड्यातून बाहेर पडण्याचा मार्ग दरातून जातो. तोच दर ७०० केला की चार माणसांच्या ३१२ कामांतून ९३,६०० उरतात आणि कार्यालयाचा खर्च वजा जाता ७८,६००. एकटा माणूस दर ठरवतो तेव्हा स्वतःचा पगार, आजारपण, फुकट गेलेली फेरी यांपैकी काहीच त्यात धरत नाही. तो दर स्वस्त वाटतो याचे कारण हेच. माणसे ठेवण्यापूर्वीच तो वाढवणे श्रेयस्कर. चार जुनी गिऱ्हाइके नाराज होतील, ती होऊ द्यावीत.

याच टप्प्यावर जीएसटी दार ठोठावतो. महाराष्ट्रात सेवांसाठी नोंदणीची मर्यादा वार्षिक २० लाख रुपये उलाढालीची आहे. वरच्या उदाहरणात तिसऱ्या आणि चौथ्या तंत्रज्ञाच्या दरम्यान ती ओलांडली जाते. गॅस आणि सुट्या भागांची विक्रीही उलाढालीत धरली जात असल्याने प्रत्यक्षात त्याच्याही आधी. १८ टक्के कर लावला तर घरगुती ग्राहकाला त्याची वजावट मिळत नाही, त्याला ती सरळ दरवाढच वाटते. उलाढाल ५० लाखांच्या आत असेल तर ६ टक्क्यांची कंपोझिशन योजना आहे. मात्र तो कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, खिशातूनच भरावा लागतो. २६ लाखांच्या उलाढालीवर महिन्याला साधारण १३ हजार.

पैशांइतकाच अवघड प्रश्न विश्वासाचा. ‘पोराला पाठवू नका हो, तुम्ही स्वतःच या,’ हे वाक्य या धंद्यातल्या प्रत्येकाने ऐकलेले असते. ऐकायला गोड, परंतु घातक. गिऱ्हाइकाचा विश्वास माणसावरून कामाच्या पद्धतीवर आणायचा, तर ती पद्धत मालकाच्या डोक्यातून कागदावर उतरावी लागते. घरात शिरल्यावर पहिली कोणती तपासणी, पाणी काढायची जागा झाकली का, निघताना थंड हवेचे तापमान मोजून जॉब कार्डावर लिहिले का. हे कागदावर नसेल तर प्रत्येक नवा मुलगा स्वतःच्या चुकांतूनच शिकणार, आणि काही चुका महाग असतात. नव्या एसींमध्ये वापरला जाणारा आर-३२ हा वायू सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. पाइपमधला वायू पूर्ण काढल्याशिवाय ब्रेझिंगची ज्योत पेटवायची नाही, हा नियम ‘त्याला माहीत असेल’ या भरवशावर सोडता येत नाही.

शिकलेला मुलगा गिऱ्हाइके घेऊन बाहेर पडतो, ही तक्रारही रास्तच आहे. परंतु मालकही बहुधा असाच बाहेर पडलेला असतो! फोन मुलाच्या मोबाइलवर न येता कार्यालयाच्या क्रमांकावर यावा आणि पुढच्या सर्व्हिसिंगची आठवण कार्यालयातूनच जावी, एवढी व्यवस्था केली तरी निम्मे काम होते.

राहता राहिली उधारी. घरगुती ग्राहक रोख देतो. वार्षिक देखभाल करार केलेली कार्यालये रखडवतात. ‘उद्यम’ पोर्टलवर नोंदणी निःशुल्क आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्यानुसार खरेदीदारावर आहे. विलंब झाल्यास चक्रवाढ व्याज लागते आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पण त्याला वेळ लागतो, आणि पगार मात्र दर महिन्याच्या सात तारखेलाच द्यायचा असतो. म्हणून पहिला माणूस ठेवण्यापूर्वीच त्याचे निदान दोन महिन्यांचे पगार बाजूला काढून ठेवावेत आणि कार्यालयांशी करार करताना पैसे तिमाही आगाऊ घेण्याची अट घालावी.