जीपचा शॉकअप गावातल्या लेथवर बनतो का?

आम्ही कापडाचे व्यापारी. यंत्राचे शिक्षण आम्हाला नाही. पण जो माणूस वर्षानुवर्षे जुन्या जीपमधून रत्नागिरीहून पाली, लांजा, साखरप्याला तागे पोचवतो आणि आंबा घाट चढून इचलकरंजीचा माल आणतो, त्याला गॅरेजात बसून बसून चार गोष्टी कळू लागतात. त्यातली एक गोष्ट आम्हाला पैसे मोजून कळली. ती आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांना सांगावी म्हणून हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्या जीपचे मागचे दोन्ही शॉकअप गेले. जुने मॉडेल, सामान लगेच मिळेना. एका लेथवाल्या उस्तादांनी सांगितले, "शेठ, नवीनची वाट कशाला बघता? निम्म्या पैशात बनवून देतो." आम्ही हो म्हटले. व्यापाऱ्याला 'निम्म्या पैशात' हे शब्द ऐकू आले की पुढचे ऐकू येत नाही. महिन्याभरात घाट उतरताना, गाठी भरलेल्या असताना, वळणावरच्या खडबडीत पट्ट्यात मागची चाके नाचू लागली. चाक जमिनीला टेकतच नसेल तर ब्रेक कशाला धरणार? जीप घसरून गटाराच्या कडेला थांबली. माणसे वाचली, दोन गाठी चिखलात गेल्या.

आता मुळात शॉकअप करतो काय, ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की शॉकअप गाडीचे वजन उचलतो. हे खरे नाही. वजन उचलतात ते पाटे. माल जास्त भरायचा म्हणून शॉकअप कडक करून घेणारे आम्ही पाहिले आहेत. ते फुकट पैसे घालवतात. खड्ड्यात पाटा दबतो, मग उसळतो, मग परत दबतो. ही उसळी मारून टाकणे एवढेच शॉकअपचे काम. नळीतल्या तेलातून दट्ट्या सरकतो, तेलाला बारीक छिद्रांतून जावे लागते, आणि उसळीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. लांब प्रवासानंतर शॉकअपला हात लावून पाहा, गरम लागेल. टांग्याला शॉकअप नव्हता, तरी तो फार उसळत नसे. कारण पाट्यावर पाटा घासत होता, तीच त्याची रोक. मोटारीलाही सुरुवातीच्या काळात चामड्याच्या किंवा लाकडाच्या चकत्या बोल्टने आवळून असेच घासते शॉकअप लावत. तसले घरी बनवणे सोपे आहे, पण चकती झिजली किंवा भिजली की रोक बदलते. आमच्या कोकणातल्या पावसात त्याचा भरवसा नाही.

आमचे शॉकअप दुसऱ्या एका जाणत्या मिस्त्रीने आमच्या समोर उघडले. तीन चुका निघाल्या.

पहिली चूक अशी की, आमच्या उस्तादांनी प्रामाणिकपणे नळी काठोकाठ तेलाने भरली होती. गिऱ्हाइकाला कमी तेल देऊ नये, हीच त्यांची नियत. पण तेल दाबून लहान होत नाही. दांडा आत शिरतो तेव्हा त्याच्या आकारमानाएवढी जागा आत मोकळी हवी. 12 मि.मी. जाडीचा दांडा 200 मि.मी. आत गेला तर सुमारे 23 घन सेंटिमीटर तेलाला दुसरीकडे जावे लागते. कंपनीच्या साध्या शॉकअपला म्हणूनच दोन नळ्या असतात: आतल्या नळीत काम चालते, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि वर थोडी हवा राहते. जागाच ठेवली नाही तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात एक तर दांडा वाकतो, नाही तर ऑइल सील फाटते. आमचे सील फाटले होते. म्हणजे आम्ही महिनाभर रिकाम्या नळ्या घेऊन फिरत होतो.

दुसरी चूक छिद्राची. दट्ट्यात ड्रिलने एकच आरपार भोक पाडलेले होते. ते वर जाताना आणि खाली येताना सारखेच अडवते. खऱ्या शॉकअपमध्ये दबताना रोक कमी आणि उसळताना जास्त असते, कारण खड्ड्याचा मार आत घ्यायचा असतो आणि पाट्याची उलटी उडी धरायची असते. शिवाय साध्या भोकाचा स्वभाव वाईट. वेग दुप्पट झाला की रोक सुमारे चौपट होते. म्हणजे हळू डोलण्याला ते काहीच अडवत नाही आणि अचानक दगड आला की भिंतीसारखे उभे राहते. म्हणून कंपन्या दट्ट्यावर स्प्रिंग स्टीलच्या पातळ चकत्यांची झडप बसवतात. जोराचा दाब आला की चकत्या वाकून वाट देतात. माप किती नाजूक आहे पाहा: 3 मि.मी.चे भोक 2 मि.मी. केले तर त्याच वेगाला रोक सुमारे 5 पट होते. कापडात बोटभर चूक सोसते, इथे मिलिमीटरही सोसत नाही.

तिसरी चूक दांड्याची. साधी लोखंडी सळी कातून गुळगुळीत केलेली. आमच्या खाऱ्या हवेत तिला बारीक गंज धरला आणि तो गंज कानसासारखा सीलवर फिरू लागला. दांडा हार्ड क्रोमचाच हवा.

मग गावात काय जमते? आमच्या मते नवा शॉकअप बनवू नये. जुना उघडून नवा जीव द्यावा. कंपनीची नळी, दांडा आणि झडप सरळ, बिनगंजाची असतील तर झाकण लेथवर कातून काढावे, त्याला आटे पाडून ओ-रिंगसह परत बसेल असे करावे, नवे सील घालावे, मोजून काढले तेवढेच मोजून तेल भरावे. तेल हायड्रॉलिक शॉकअपचे किंवा मोटारसायकलच्या फोर्कचे. ब्रेक ऑइल मुळीच नको, ते या सीलचे रबर फुगवते. बसवण्यापूर्वी उभा धरून पाच-सहा वेळा पंप करावा, म्हणजे आतल्या नळीतली हवा निघते. आणि काम नेहमी जोडीने करावे.

एक इशारा जिवाचा आहे. काढलेल्या शॉकअपचा दांडा दाबून सोडल्यावर आपोआप बाहेर येत असेल तर आत गॅस भरलेला आहे. त्याला करवत, ड्रिल, वेल्डिंग काही लावू नये. तेलाच्या शॉकअपलाही तेल काढून, धुऊन, तोंड उघडे ठेवल्याशिवाय वेल्डिंगची ज्योत दाखवू नये. बंद नळीतली तेलाची वाफ बॉम्बसारखी फुटते.

कारागिराच्या हुन्नरावर आमचा विश्वास कमी नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून छोटी जीप उभी केली. 2021 च्या डिसेंबरात आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले आणि 2022 च्या जानेवारीत तिच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. पण ती गाडी नियमात बसत नाही, हे महिंद्रांनी तेव्हाच लिहिले होते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या रचनेतील बदलांवर बंधन घालते. म्हणून त्याच मापाचा शॉकअप दुरुस्त करा. चेसीवरच्या कड्या हलवून लांब शॉकअप लावायला सांगणारे गिऱ्हाईक आले तर परत पाठवा.

आमच्या जीपला आता पुढे विकतचे आणि मागे उघडून भरलेले शॉकअप आहेत. मिस्त्रीने बिलावर तेलाचे माप आणि तारीख लिहून दिली आहे. गेल्या पावसाळ्यात डाव्या बाजूला तेलाचा ओलावा दिसला, तेव्हा ते बिल दाखवले आणि तासाभरात सील बदलून मिळाले.