जहाजावरचे पहिले जेवण

मुंबईहून ‘कॉर्डेलिया’ कंपनीच्या सहलीच्या जहाजाच्या फेऱ्या 2021 साली सुरू झाल्या. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठून जहाजाने गोव्याला जायचा बेत असेल, तर पहिल्या रात्री जेवायचे कुठे हे घरूनच ठरवावे. गाडीत शिदोरी पुरते. जहाजावर जेवायच्या जागा अनेक. मोठ्या भोजनगृहातले जेवण बहुधा तिकिटातच धरलेले असते. खास उपाहारगृहांचे पैसे वेगळे. म्हणून बसण्याआधी ‘हे तिकिटात आहे ना?’ असे खुशाल विचारावे. त्यात कमीपणा नाही. कापसाचा पैसा घामाचा असतो. त्या रात्री म्हातारी माणसे, मुले प्रवासाने शिणलेली असतात. त्यांना मोठ्या भोजनगृहात नेऊन लवकर, हलके वरण-भात वाढावे. भरल्या पोटी बोट अधिक लागते. नवलाईचे पदार्थ दुसऱ्या दिवशी, अंगाला समुद्र मानवल्यावर चाखावेत.