लिफ्टच्या पायाखालची काळी माती

बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचे आणि घाटाखालचे हा भेद सोयरिकीपासून पेरणीपर्यंत सगळीकडे चालतो. घरच्या गॅरेजात गाडी उचलायची लिफ्ट बसवायची म्हटलं की तिथेही तो आडवा येतो. राजूर घाटाच्या वर, बुलढाणा शहराच्या बाजूला, बऱ्याच जागी थोडं खणलं की मुरूम लागतो आणि खाली बेसॉल्टचा कातळ. घाट उतरून नांदुरा, मलकापूर, शेगावकडे पूर्णेच्या खोऱ्यात आलं की खोलवर काळी माती. म्हणून चिखलीत बसलेली लिफ्ट पाहून नांदुऱ्यात तशीच बसवणं धोक्याचं.

लिफ्ट जमिनीवर नुसता भार टाकत नाही, ती जमिनीतून बोल्ट उपटायलाही बघते. दोन खांबांची, वर आडवा बीम नसलेली लिफ्ट घ्या. ९०० किलोची गाडी उचलली की प्रत्येक खांबाच्या वाट्याला ४५० किलो येतात, पण ते खांबावर सरळ पडत नाहीत. हातांच्या टोकाला, समजा ७० सेंटिमीटर अंतरावर, लोंबकळतात. त्यामुळे खांब आत झुकू पाहतो आणि त्याच्या पायातली पोलादी प्लेट आतल्या कडेवर टेकून, पहारीने दगड उचकटावा तशी, बाहेरचे बोल्ट वर ओढते. हे बोल्ट त्या कडेपासून ४० सेंटिमीटरवर असतील, तर ओढ ४५० गुणिले ७० भागिले ४०, म्हणजे पावणेआठशे किलोंच्या पुढे. खांबाच्या स्वतःच्या वजनामुळे त्यातली थोडी कमी होते, एवढंच.

बोल्ट उपटतो तेव्हा एकटा येत नाही, काँक्रीटचा शंकूच्या आकाराचा तुकडा घेऊन येतो. बोल्टजवळ तडा, जुना सांधा किंवा फरशीची कड असेल तर हा शंकू अर्धवट कापलेलाच असतो आणि पकड तितकीच घटते. लिफ्टसोबत येणाऱ्या पुस्तिकेत काँक्रीटची जाडी आणि कडेपासूनचं किमान अंतर दिलेलं असतं ते याचसाठी. घरोघरी दिसणारा दोन-तीन इंची कोबा इथे उपयोगाचा नाही, वर कितीही गुळगुळीत असो.

आता माती. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर इतके पातळ आणि एकमेकांना इतके सैल धरून असतात की पाणी थेट दोन थरांच्या मध्ये शिरतं आणि त्यांना दूर लोटतं. पावसाळ्यात जमीन फुगते; उन्हाळ्यात आक्रसते आणि भेगाळते. ही माती किती फुगते ते पाहायची चाचणी फार सुरेख आहे. वाळवून बारीक चाळलेली १० ग्रॅम माती मोजपात्रात घालून वर पाणी ओतायचं. तेवढीच माती दुसऱ्या पात्रात रॉकेलमध्ये. २४ तासांनी दोन्हींची उंची बघायची. रॉकेल थरांमध्ये शिरून त्यांना फाकवत नाही, त्यामुळे तिथली माती होती तेवढीच राहते. रॉकेलमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १७ भरली, तर फुगवटा ७० टक्के. आकडा ५०च्या वर गेला की पायाचा विचार वेगळा करावा लागतो.

जागा ठरते ती यातूनच. गॅरेजच्या मधोमध फरशीखालची माती वर्षभर जवळपास सारखीच ओलसर असते. कडेची माती मात्र पावसात भिजते, चैत्र-वैशाखात सुकते आणि फरशीची कड वरखाली करते. शटरजवळचे चार-पाच फूट सगळ्यात वाईट, कारण पागोळ्या तिथेच पडतात. आणि आपल्या माणसाला लिफ्ट हवी असते नेमकी शटरजवळ! उजेड असतो, गिऱ्हाइकाला रस्त्यावरून दिसते. न्हाणीच्या पाइपाशेजारची आणि भिंतीबाहेर मोठा कडुनिंब असलेली बाजूही टाळावी. पाइप माती भिजवतो, झाड सुकवतं. एक खांब ओल्यावर आणि दुसरा कोरड्यावर आला तर दोन्ही सारखे हलत नाहीत. म्हणूनच दोन्ही खांबांखाली सळई घातलेला, जाड, सलग असा एकच पाया भरावा असं मला वाटतं.

त्या पायाखाली काय घालायचं, यावर आयआयटी मुंबईतल्या प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात महत्त्वाचं काम केलं. काळ्या मातीवर सुमारे मीटरभर जाडीचा, चिकटपणा असलेला पण न फुगणारा थर दाबून बसवला, तर खालच्या मातीचा फुगवटा बराच आवरतो. काळी माती काढून योग्य मुरूम भरण्यामागे हाच हिशेब आहे. नुसती वाळू भरली तर ती पाण्याला वाट करून देते.

घाटाखाली आणखी एक कटकट आहे, खारपाणपट्ट्याची. तिथल्या बोअरचं खारट पाणी काँक्रीटमध्ये कालवलं तर क्लोराइड सळई गंजवतं. भारतीय मानक आयएस ४५६ नुसार सळईच्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं. मग लिफ्टऐवजी खड्डाच खणू, असंही कोणी म्हणेल. काळ्या मातीत तो भिंतींवर दाब घेतो, पावसाळ्यात पाण्याने भरतो आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते.

उंचीचा हिशेब सोपा. दहा फुटी स्लॅबखाली ३.०५ मीटर मिळतात. वॅगनआर १.६७५ मीटर उंच. ती साडेचार फुटांपर्यंतच उचलता येईल, बोलेरो चार फुटांहूनही कमी. खाली ताठ उभं राहून काम करायचं तर पत्र्याचं उंच शेडच हवं, नाहीतर बसून काम करण्यापुरती बुटकी सिझर लिफ्ट बरी.

राहिलं खांबांचं पुढचं-मागचं अंतर. इंजिन पुढे असलेल्या छोट्या गाडीचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. दोन चाकांच्या आसांमध्ये २.४३५ मीटर अंतर असेल, तर गुरुत्वमध्य पुढच्या आसामागे ९७ सेंटिमीटरवर येतो आणि तो चारही हातांच्या मध्ये पडायला हवा. आता हिशेबाला ८५० किलोची गाडी धरा आणि तिच्या पुढच्या आसावरून इंजिन-गिअरबॉक्सचे १३० किलो उतरवा. गुरुत्वमध्य १७-१८ सेंटिमीटर मागे सरकतो आणि गाडीचं शेपूट खाली जाऊ पाहतं. त्यासाठी पुढे इंजिन काढायच्या क्रेनला आणि मागे गाडीला टेकू देणाऱ्या उंच स्टँडला जागा ठेवूनच खांबांच्या खुणा कराव्यात, आणि त्याही पायाचा खड्डा आखण्याआधी.