मागच्या सतरंजीवरचे केंद्रप्रमुख

अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागातली ही दोनशिक्षकी शाळा. तिसरीच्या वर्गात वजाबाकी चालली होती आणि केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या गटाचे (केंद्राचे) पर्यवेक्षक, मागे मुलांच्याच सतरंजीवर मांडी घालून बसले होते. मी त्यांच्या शेजारी. शिकवणाऱ्या मॅडम लातूरकडच्या, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक मिळून आलेल्या, नव्या शिक्षण सेवक. आवाजात धाकधूक कळत होती.

५२ वजा २७. एका मुलीने उत्तर काढलं ३५. मॅडमनी पाटीवर फुली मारली आणि पुढे गेल्या.

तास संपेपर्यंत केंद्रप्रमुख एक शब्द बोलले नाहीत. मधल्या सुट्टीत, मुलं खिचडीला बसल्यावर, त्यांनी एवढंच विचारलं, "मॅडम, त्या पोरीने ३५ कसं आणलं असेल?" मॅडमनी पाटी पुन्हा हातात घेतली. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "सर, तिने सातातून दोन काढलेत. मोठ्यातून लहान!" मग दोघांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधले. सुट्टीनंतर त्या मुलीने स्वतः एक गठ्ठा सोडला, सुट्या काड्या बारा झाल्या आणि उत्तर आलं २५.

शेरेबुकात 'अध्यापनात सुधारणा आवश्यक' असं लिहून निघून जाणं सोपं होतं. त्या शेऱ्याने मॅडमना काहीच मिळालं नसतं. शिक्षकाला सांभाळायचं म्हणजे त्याच्या वर्गात बसायचं आणि त्याच्याबरोबर विचार करायचा, असं मी ठामपणे म्हणेन.

पोटाचा प्रश्नही तितकाच खरा आहे. प्राथमिकच्या शिक्षण सेवकाचं मानधन २०२३ मध्ये सहा हजारांवरून सोळा हजार झालं. पण पगाराच्या सरकारी प्रणालीतला शालार्थ आयडी मिळाल्याशिवाय ते खात्यात पडत नाही, आणि परक्या गावात खोलीभाडं पहिल्या महिन्यापासून लागतं. म्हणून या सरांनी मॅडमची कागदपत्रं त्या रुजू झाल्या त्याच आठवड्यात तपासून पंचायत समितीत स्वतः नेऊन दिली होती. हे काम कुठल्याही मूल्यमापनात मोजलं जात नाही. मोजलं जायला हवं.

पण अनेक ठिकाणी केंद्रप्रमुखांची पदं रिक्त आहेत, एकेकाकडे शेजारच्या केंद्राचाही कार्यभार. त्यात माहिती मागवणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश दिवसभर येत राहतात. सतरंजीवर बसायचा वेळ आधी या कामांतच जातो.

निघताना सरांनी मॅडमना विचारलं, केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या शिक्षण परिषदेत हा काड्यांचा पाठ घ्याल का? मॅडम म्हणाल्या, "घेते सर. पण ३५ वालं उत्तर आधी दाखवीन."