पोलादाची वाडी

जपानच्या पश्चिम भागात शिमाने नावाचा प्रांत आहे. तेथील डोंगरांच्या कुशीत सुगाया ही लहानशी वाडी वसलेली आहे. या वाडीत १७५१ सालापासून १९२१ सालापर्यंत लोहयुक्त वाळूपासून लोखंड व पोलाद तयार करीत असत. या पद्धतीला जपानी भाषेत ‘तातारा’ म्हणतात, व कामकऱ्यांच्या अशा वस्तीला ‘सन्नाइ’ हे नाव आहे.

भट्टीचे उंच छपराचे घर आणि त्याच्या आसपास कामकऱ्यांची साधी लाकडी घरे, अशी या वाडीची रचना होती. भट्टी तनाबे घराण्याच्या मालकीची होती. ती एकदा पेटली की तीन दिवस व तीन रात्री विझू द्यावयाची नसे. म्हणून कारागिरांचे बिऱ्हाड भट्टीजवळच असणे अवश्य होते.

या सर्वांच्या प्रमुखाला ‘मुरागे’ म्हणत. उष्णता मोजण्याचे यंत्र त्याच्याजवळ नसे. ज्वाळेचा रंग पाहून व भट्टीतील आवाज ऐकून तो वाळू केव्हा व किती घालावयाची हे ठरवी. पायाने भाता चालविणाऱ्यांना ‘बान्को’ म्हणत. हे काम इतके कष्टाचे होते की, ते त्यांना पाळीपाळीनेच करावे लागे. अखेरीस मातीची भट्टी फोडून आतील लोखंडाचा प्रचंड गोळा बाहेर काढीत. त्यातील उत्तम पोलादाच्या तलवारी घडत. उरलेल्या लोखंडाची अवजारे होत. पुढील खेपेस भट्टी पुन्हा नव्याने बांधावी लागे.

पुढे पाश्चात्त्य पद्धतीच्या कारखान्यांतून स्वस्त लोखंड मिळू लागले. १९२१ साली सुगायाची भट्टी थंडावली. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा तलवारींसाठी चालविलेल्या भट्टीचेही काम थांबले. तलवारी घडविणाऱ्यांना योग्य पोलाद मिळेनासे झाले. भट्टी पुन्हा बांधता आली असती. परंतु ज्वाळेचा रंग ओळखणारी दृष्टी कोठून आणावयाची? सुदैवाने पूर्वी या कामावर असलेले काही वृद्ध कारागीर हयात होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९७७ साली त्याच प्रांतातील योकोता येथे तातारा पुन्हा पेटली आणि तरुणांनी त्यांच्याजवळ बसून ही विद्या आत्मसात केली.

सुगायाचे भट्टीघर आजही जतन केलेले आहे. त्याच्या भिंती शाबूत आहेत. पण तेथील खरे धन कारागिरांच्या हातांत व डोळ्यांत होते. ते शिष्याच्या हाती वेळीच पडले, म्हणूनच टिकले.