पाचटाचा कोळसा आणि जमिनीतील विष

सोलापूर जिल्ह्यातील श्रीपूर हे गाव उसामुळे महाराष्ट्राला परिचित झाले. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथेच उभा राहिला. अशा ऊसपट्ट्यात तोडणीनंतर अनेक शेतांत पाचट पेटविले जाते. मागे उरलेली राख सर्वांना दिसते. तिच्यातील कोळशाच्या सूक्ष्म कणांकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या कणांचे कार्य वाचकांपुढे मांडावे, असे आम्हांस वाटते.

कोळशाच्या कणात असंख्य बारीक छिद्रे असतात. त्यामुळे त्याचा आतील पृष्ठभाग फार मोठा असतो. उसातील तणांवर फवारले जाणारे अ‍ॅट्राझिन, अनेक कीटकनाशके आणि धुरातील तेलकट रसायने या पृष्ठभागास चिकटून बसतात. यालाच अधिशोषण म्हणतात. विषबाधा झालेल्या रुग्णास इस्पितळात सक्रिय कोळसा देतात, त्यामागील तत्त्व हेच आहे. धुरातील काही रसायने तर कोळसा कुजलेल्या पालापाचोळ्यापेक्षा दहा ते शंभर पट घट्ट धरून ठेवतो. परिणामी ती विहिरीच्या पाण्यात कमी झिरपतात आणि गांडुळांच्या शरीरातही कमी जातात.

मग पाचट जाळणे हितकारक मानावे काय? मुळीच नाही. उघड्यावर जाळल्याने जमिनीला मिळणारे सेंद्रिय द्रव्य व नत्र वाया जाते आणि धुरातून कर्करोगकारक रसायने निर्माण होतात. शिवाय बांधले गेलेले विष नष्ट होत नाही. ते जिवाणूंच्याही तावडीत सहज सापडत नाही, म्हणून दीर्घकाळ टिकते. तणनाशक कोळशात अडकले की त्याचा गुण कमी पडतो. मग मात्रा वाढविण्याचा मोह होतो.

पाचट सरीत कुजविणे हा सोपा मार्ग आहे. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने पाचटापासून बंद भट्टीत कोळसा करून त्याचे इंधन बनविण्याची पद्धत विकसित केली. त्याबद्दल संस्थेला २००२ साली अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रदूषणाच्या कारणांमध्ये शेतीतील विषारी रसायनांचाही उल्लेख केला आहे. पाप झाकले जाणे आणि पापाची क्षमा होणे यांतील भेद आपण श्रद्धावंत जाणतो. भूमाताही आपल्या चुका काही काळ पोटात घेते. परंतु त्या पुसून टाकीत नाही. फवारणीपूर्वी औषधाची मात्रा मोजणे आणि पाचटाला काडी लावण्यापूर्वी क्षणभर थांबणे, हेही एक आत्मपरीक्षणच होय.