परदेशात शिकवायचंय? सरावपाठांचे दिवस मोजा
(लेखांक ५)

मागच्या लेखांकात परिचारिकांच्या नोंदणीबद्दल लिहिलं. आता शिक्षकांचा प्रश्न : आपलं बी.एड. बाहेर चालतं का? चालतं. पण ‘पदवी समकक्ष आहे’ आणि ‘वर्गात शिकवायला परवानगी आहे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनेकांची फरफट होते ती या दोन्हींच्या मध्ये.

ऑस्ट्रेलियाचे नियम आकड्यांत बांधलेले आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करू. स्थलांतरासाठी शिक्षकांची पात्रता तपासणारी संस्था किमान चार वर्षांचं पूर्णवेळ उच्चशिक्षण मागते आणि त्यात किमान एक वर्षाचं शिक्षक-प्रशिक्षण. तीन वर्षांचं बी.ए. किंवा बी.एस्सी. आणि जुनं एक वर्षाचं बी.एड. मिळून चार भरतात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, त्यामुळे आता पाच होतात. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेल्यांचं गणित मात्र तेवढ्यावर जुळत नाही. वीस वर्षं पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवलं, तरी तो अनुभव पदवीची जागा भरून काढत नाही. मला हा अन्याय वाटतो. लहान मुलांना अक्षरओळख करून देणं हे शिक्षकी पेशातलं सर्वांत अवघड काम आहे.

वर्षं भरली की खरी अट समोर येते : प्रशिक्षणाच्या काळात देखरेखीखाली किमान ४५ दिवस शिकवलेलं हवं, आणि ज्या स्तरासाठी अर्ज करायचा त्याच स्तरावरच्या वर्गांवर. आपल्याकडे छात्राध्यापकाला पाठ मोजायची सवय. मराठीचे इतके, इतिहासाचे इतके. पाठ टाचण वही, मागे बसलेल्या सरांचे शेरे, शेवटी वार्षिक पाठ. गुणपत्रिकेवर त्याचे गुण असतात, दिवस नसतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची आंतरवासिता आहे, त्यामुळे नव्या मंडळींना दिवस कमी पडू नयेत. पण तेही कागदावर दाखवावे लागतातच.

इंग्रजीची परीक्षाही कडक आहे. आयईएलटीएसमध्ये वाचन-लेखनाला किमान ७, श्रवण-संभाषणाला किमान ८. आपलं सगळं शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं असलं तरी सूट नाही. हे सगळं पार पडल्यावर ज्या राज्यात शिकवायचं तिथली नोंदणी वेगळी : व्हिक्टोरियाची वेगळी, न्यू साउथ वेल्सची वेगळी.

इंग्लंडने फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतासह आणखी नऊ ठिकाणच्या शिक्षकांना ‘क्यूटीएस’ या अधिकृत दर्जासाठी थेट अर्ज करू दिला. भारतात प्रशिक्षण घेतलेल्यांसाठी तो मार्ग गणित, विज्ञान आणि भाषा या विषयांपुरता, ११ ते १६ वयोगटाच्या शिक्षकांसाठी उघडला. इतिहास-भूगोलाच्या शिक्षकाला त्या दारातून प्रवेश नव्हता. स्कॉटलंड आणि वेल्सच्या नोंदण्या पुन्हा निराळ्या.

आणखी एक अडचण आपल्या घरचीच आहे. अनेक देश मायदेशातल्या नोंदणीचा दाखला मागतात. आपल्याकडे डॉक्टरांची, वकिलांची, परिचारिकांची नोंदणी होते. शिक्षकांची तशी नोंदवही नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद अभ्यासक्रमाला मान्यता देते, व्यक्तीची नोंद ठेवत नाही. टीईटी उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र ही जागा घेत नाही. ही नोंदवही व्हायला हवी, आणि शिक्षक संघटनांनी ती मागायला हवी.

ती होईपर्यंत आपल्या हाती एकच काम आहे. ज्या महाविद्यालयातून बी.एड. केलं तिथे जाऊन लेटरहेडवर पत्र मागा : सराव कोणत्या शाळेत झाला, कोणत्या इयत्तांवर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण दिवस किती, खाली प्राचार्यांची सही आणि शिक्का. परदेशी जायचा विचार अजून पक्का नसला, तरी याच सुट्टीत जा. महाविद्यालय बंद पडलं किंवा जुनी दप्तरं निकालात निघाली, तर ते दिवस कुणाकडून लिहून घेणार?